शहरात आणि आसपास पिकलबॉलसाठी जागा कशी शोधावी?

नवखा_सर्व्हर

आम्हा चौघांना पिकलबॉल खेळायचंय, म्हणजे पॅडलने (छोट्या सपाट बॅटने) भोकांचा प्लास्टिकचा बॉल नेटवरून मारायचा खेळ. दोघांना नियम नीट येतात, दोघे अगदीच नवे. मॅपवर 'पिकलबॉल' टाकलं की तीच तीन-चार ठिकाणं येतात आणि संध्याकाळचे स्लॉट कायम भरलेले. शहराबाहेर पाऊण तास जायची तयारी आहे, पण तिथे पोहोचल्यावर 'इथे कसं खेळायचं?' असं व्हायला नको.

जागा शोधायची नेमकी पद्धत काय? फोनवर काय विचारावं? बॅडमिंटन हॉलमध्ये किंवा टेनिस कोर्टवर तात्पुरतं आखून खेळता येतं म्हणतात, ते कितपत जमतं? मापं आणि सामान नेमकं सांगितलंत तर बरं होईल. आणि चौघांनी ओपन प्लेला (जे येतील ते आळीपाळीने मिसळून खेळतात अशा सत्राला) जावं की स्वतःचा स्लॉट घ्यावा?

जाळीजवळ

नुसतं 'पिकलबॉल' शोधून अर्धीच ठिकाणं हाती लागतात. हा खेळ बऱ्याच जागी पाहुणा म्हणून राहतो: बॅडमिंटन हॉल, टेनिस क्लब, शाळेचा बंदिस्त हॉल, पालिकेचं क्रीडासंकुल, बास्केटबॉलचं मैदान. मॅपवर त्यांची नोंद मूळ खेळाच्या नावाने असते आणि पिकलबॉलचा उल्लेख फार तर एखाद्या अभिप्रायात किंवा फोटोत सापडतो. म्हणून या पाचही नावांनी वेगवेगळं शोधा, मग प्रत्येक ठिकाणच्या अभिप्रायांत 'पिकलबॉल' हा शब्द शोधा. अभिप्रायाची तारीख बघायला विसरू नका. दीड-दोन वर्षांपूर्वीचं कौतुक आज उपयोगाचं नसतं.

उपग्रहचित्रही कामाला येतं. टेनिस कोर्ट ७८ फूट लांब, पिकलबॉलचं ४४. टेनिसच्या एका कुंपणात चार छोटी कोर्टं दिसली तर तिथे कायमची आखणी आहे. शहराच्या कडेला अशा जागा जास्त सापडतात, कारण तिथे जमीन मोकळी असते. तिथे वाराही मोकळा असतो, हे मात्र लक्षात ठेवा.

पिकलहेड्ससारख्या कोर्ट शोधायच्या ॲपवर कोर्टांची संख्या, आतलं की बाहेरचं, आखणी कायमची आहे का, नेट तिथलं की आपलं न्यायचं, अशी माहिती मिळते. त्यातली बरीचशी खेळाडूंनीच भरलेली असते, म्हणून फोन करून खात्री करा. खरी ताजी माहिती त्या त्या कोर्टाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असते. तो ग्रुप शोधून सापडत नाही. कोर्टवर जाऊन एखाद्या खेळाडूला विचारलं की लगेच मिळतो.

फोनवर 'तुमच्याकडे पिकलबॉल आहे का?' असं विचारलंत तर सगळे 'हो' म्हणतात. त्यापेक्षा असे प्रश्न विचारा की उत्तरात आकडा किंवा वस्तू यावी लागेल. कोर्टं किती? रेषा रंगाच्या की टेपच्या? नेट पिकलबॉलचं आहे की बॅडमिंटनचं खाली बांधलेलं? बेसलाइनमागे (कोर्टाच्या मागच्या रेषेमागे) भिंत किती फुटांवर आहे? स्लॉटच्या वेळेत नेट लावणं आणि काढणं धरलंय का? (तासाच्या स्लॉटमधली दहा मिनिटं यातच जातात, म्हणून विचारायचं.) त्याच वेळी शेजारच्या कोर्टवर दुसरा खेळ चालू असतो का? बूट नॉन-मार्किंगच (फरशीवर डाग न पाडणारे) लागतात का? पॅडल भाड्याने मिळते का? बाहेरचं कोर्ट असेल तर पाऊस आला की पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते?

यातल्या दोन-तीन प्रश्नांना 'या, मग बघू' असं उत्तर आलं, तर आधी एकट्याने जाऊन बघून या. चौघांची संध्याकाळ पणाला लावू नका.

संध्याकाळी सहा ते नऊ सगळ्यांनाच हवी असते. बॅडमिंटन हॉल सकाळी दहा ते दुपारी चार बहुतेक रिकामे असतात, आणि मालकालाही तेव्हा कोणीतरी यावंसं वाटत असतं. नेट खाली बांधायची परवानगी त्या वेळी सहज मिळते.

मोजपट्टी

मापांचं सांगतो.

कोर्ट २० फूट रुंद, ४४ फूट लांब, म्हणजे ६.१० × १३.४१ मीटर. एकेरी आणि दुहेरी दोन्हींना तेच. नेटपासून दोन्ही बाजूंना ७ फूट नॉन-व्हॉली झोन, म्हणजे किचन. तिथे पाय असताना व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच मारलेला शॉट, चालत नाही. त्यामागे १५ फूट खोल सर्व्हिसचा भाग, मध्यरेषेने दोन सारखे तुकडे केलेला. रेषा २ इंच जाड, आणि सगळी मापं रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरायची. नेट कडेला ३६ इंच, मधे ३४ इंच.

पण नुसतं ४४ × २० पुरत नाही. आजूबाजूची धरून किमान ३० × ६० फूट मोकळी जागा हवी. म्हणजे बेसलाइनमागे ८ फूट, बाजूंना ५. ३४ × ६४ मिळाली तर चांगलंच. बेसलाइनमागे पाचच फूट असतील तर खोल आलेला रिटर्न मारताना पॅडल भिंतीला लागते. तिथे खेळाडू नकळत पुढे उभा राहायला लागतो आणि सगळा खेळ बिघडतो.

बॅडमिंटन कोर्टवर: दुहेरीच्या बॅडमिंटन कोर्टाची बाहेरची चौकट पिकलबॉलइतकीच असते. त्यामुळे बाहेरच्या रेषा आणि मध्यरेषा तशाच वापरा. फरक पुढच्या सर्व्हिस रेषेत आहे. ती नेटपासून साडेसहा फुटांवर असते आणि आपल्याला सात हवेत. तिच्यामागे सहा इंचांवर टेप लावा, की किचन तयार. 'सहा इंचांनी काय होतं' म्हणून बरेच जण जुनीच रेषा चालवून घेतात. पण मग तिथे बसलेली पायांची सवय खऱ्या कोर्टवर किचनचे फॉल्ट काढते.

नेट सुमारे पाच फुटांवरून खाली आणावं लागतं. बॅडमिंटनची जाळी अडीच फूट उंचीची असते, म्हणून वरची पट्टी ३६ इंचांवर बांधली की खालची कड जमिनीपासून सहा इंच राहते. सरपटत आलेला बॉल क्वचित खालून निघून जातो, एवढंच. खरी अडचण खांबाची. दोरी अडकवायची खाच किंवा चाक वरच्या टोकाला असतं, खाली काही नसतं. दोरी खांबाला दोन वेढे देऊन बांधा आणि वेढ्याखाली टेपची जाड गुंडाळी करा, म्हणजे ती घसरत नाही. दोरी सैल राहिली तर मध्यभाग ३०-३१ इंचांपर्यंत लोंबतो आणि मग मधून मारलेला प्रत्येक ड्राइव्ह (जोरात मारलेला सपाट शॉट) पार होतो. मोजपट्टी नसेल तर पॅडल वापरा. बहुतेक पॅडल १६ ते साडेसोळा इंच लांब असतात. आपल्याची लांबी घरी मोजून ठेवा. १६ इंची असेल तर मधे दोन पॅडल आणि वर दोन इंच.

टेनिस कोर्टवर: मध्यरेषा जागेवरच असते. टेनिसची सर्व्हिस रेषा नेटपासून २१ फुटांवर असते, तिच्यामागे एक फूट मोजलं की आपली बेसलाइन. मध्यरेषेपासून दोन्हीकडे १० फुटांवर बाजूच्या रेषा, नेटपासून ७ फुटांवर किचन. नेट मधे ३६ इंच असतं. मधला पट्टा आवळून ते ३४ वर येतं, पण आपल्या बाजूच्या रेषेवर ते तरीही ३८ इंचांच्या आसपास राहतं, कारण टेनिसचे खांब लांब असतात आणि तिथे उंची ४२ इंच असते. गप्पांच्या खेळाला चालतं. कोपऱ्यातून मारलेला शॉट मात्र नेटमध्ये जास्त अडकतो. पट्टा आवळण्याआधी विचारा, आणि जाताना परत ३६ वर करून ठेवा. हे न केल्यामुळे पुढच्या वेळी परवानगी नाकारली जाते.

त्याच कोर्टवर दोन-चार गट खेळणार असाल तर टेनिसच्या नेटचा नाद सोडा आणि सुट्टी नेट आणा. ६० × १२० फुटांच्या कुंपणात चार कोर्टं बसतात.

बास्केटबॉलच्या मैदानावर: २८ × १५ मीटरच्या पूर्ण मैदानावर कोर्टं आडवी टाका. भोवती दोन-दोन मीटर मोकळे असतील तर तीन कोर्टं शेजारी-शेजारी बसतात, मधे १० फुटांची फट ठेवून. भोवती मोकळी जागाच नसेल तर बेसलाइनमागे जेमतेम अडीच फूट उरतात. मग तो विचार सोडा.

आखणी: एका कोर्टच्या सगळ्या रेषा मिळून १९८ फूट, म्हणजे ६० मीटरच्या थोडं वर. ५० मीटरचा एक रोल पुरत नाही, दोन न्या. आधी नेटची रेषा पक्की करा, तिच्यापासून दोन्हीकडे २२ फूट मोजून बेसलाइनचे कोपरे खूण करा. मग काटकोन तपासा. अर्ध्या कोर्टाचा, म्हणजे २० × २२ चा, कर्ण २९ फूट पावणेनऊ इंच यायला हवा. पूर्ण कोर्टाचा ४८ फूट ४ इंच. दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत तर चौकट तिरकी झालीय, टेप लावण्याआधीच सरकवा. किचन आणि मध्यरेषा शेवटी.

मोजायला दोघे, टेप लावायला दोघे. सवय झाली की वीस मिनिटांत होतं. प्रत्येक वेळी मोजायचं नसेल तर कोपऱ्यांवर आणि किचनच्या टोकांवर खडूच्या किंवा रंगाच्या छोट्या खुणा ठेवायची परवानगी मागा.

रिकामा_हॉल

मोजपट्टींनी मापं चोख दिलीत. पण बॅडमिंटन हॉल इतका सोपा नाही.

टेप आधी. खाकी पॅकिंग टेप किंवा पारदर्शक सेलोटेप लाकडी फरशीवर अजिबात नको. काढताना पॉलिश उचलतो किंवा डिंक ठेवून जातो आणि त्यावर धूळ बसते. रंगकामाचा मास्किंग टेप घ्या, खेळ संपला की लगेच काढा, जमिनीला जवळजवळ समांतर ओढत, हळू. रात्रभर ठेवला की तोही चिकटतो. मॅटच्या हॉलमध्ये आधी एका कोपऱ्यात वीतभर लावून बघा. बाहेरच्या सिमेंटवर टेप धुळीमुळे टिकतच नाही. तिथे खडू, किंवा रबराच्या सुट्या पट्ट्या.

छत: १८ ते २० फूट तरी मोकळं हवं. शाळेच्या काही हॉलमध्ये त्याखाली पंखे आणि दिवे लोंबतात. मग लॉब, म्हणजे समोरच्याच्या डोक्यावरून उंच मारलेला शॉट, खेळातूनच जातो. त्यावर आधीच ठरवा: छताला लागला तर फॉल्ट.

बॉल: आतल्यासाठी २६ भोकांचा मऊ बॉल, बाहेरच्यासाठी ४० छोट्या भोकांचा कडक. भोकं मोजायची गरज पडत नाही, एकीकडे भोकं मोठी दिसतात आणि दुसरीकडे बारीक. लाकडावर कडक बॉल खाली राहून सटकतो आणि नवख्यांना प्रत्येक शॉट उशिरा लागतो. उलट मऊ बॉल बाहेर वाऱ्यात कुठेही जातो. सोबत दोन्ही ठेवा. थंडीत कडक बॉलला तडे लवकर जातात. आवाज बोदा येऊ लागला की बॉल हातात फिरवून भोकांच्या कडा बघा.

आणि शेजारच्या कोर्टवर शटल चालू असताना आपला बॉल त्यांच्या पायाखाली जातो. शटल पडल्या जागी राहतं, बॉल घरंगळतो. मधे जाळी किंवा पडदा नसेल तर कडेचं कोर्ट मागा. बॉल गेला की दोन्हीकडचा खेळ थांबेल इतक्या मोठ्याने 'बॉल' ओरडायचं. मागच्या मागे पळताना त्यावर पाय पडला तर घोटा जातो. त्याच कारणाने लॉबच्या मागे पाठमोरं वळून पळा, उलट्या पावलांनी नको.

धावायचे बूट दोन्हीकडे वाईट. त्यांचा तळवा जाड आणि बाजूला कलणारा असतो. कोर्टचे बूट घ्या, हॉलसाठी न घासलेल्या स्वच्छ तळव्याचे.

तिसरा_शॉट

ओपन प्लेबद्दल.

११ गुणांचा दुहेरी गेम साधारण पंधरा मिनिटं चालतो. कोर्टवर चौघे. म्हणजे हजर माणसं भागिले कोर्टं, एवढं गणित केलं की थांबण्याचा अंदाज येतो. भागाकार ४ आला तर थांबणं नाही. ६ आला तर दोन गेमनंतर एक बाहेर, म्हणजे आदर्श. पाय मोकळे होतात, पाणी पिऊन होतं. ८ आला की जितकं खेळाल तितकंच थांबाल. १२ असेल तर तासाभरात एक-दीड गेम मिळेल. दोन तासांत अडीच गेम खेळायला पाऊण तासाचा प्रवास कोणी करू नये. म्हणून ग्रुपवर 'कोर्टं किती चालू, किती जण आलेत' हे निघण्याआधी विचारा. लोक लगेच सांगतात.

रांग लावायच्या पद्धती जागोजागी वेगळ्या. बहुतेक ठिकाणी कुंपणाच्या जाळीत किंवा रॅकमध्ये पॅडल ओळीने लावतात, गेम संपला की पुढची चार आत. कुठे चौघेही बाहेर पडतात, कुठे जिंकणारे दोघे राहतात पण वेगळे होऊन एकेक नव्या खेळाडूबरोबर. गेल्या गेल्या विचारा: चार बाहेर की दोन? न विचारता रॅकमध्ये चारही पॅडल एकत्र घुसवली की नाराजी ओढवते.

तुमच्यासाठी माझं मत: पहिले काही आठवडे स्वतःचा स्लॉट. नवख्या दोघांना समोरून आलेला सर्व्ह आणि त्याचा परत आलेला रिटर्न, दोन्ही टप्पा पडल्यावरच मारायचे, किचनमध्ये पाय असताना व्हॉली नाही आणि दुहेरीत गुण तीन आकड्यांत (आपले, समोरच्यांचे, आणि सर्व्हर पहिला की दुसरा) कसे पुकारायचे, एवढं जमायला हवं. गुण पुकारता येत नसला की ओपन प्लेत प्रत्येक सर्व्हला खेळ थांबतो आणि बाकीचे मनात कुढतात. त्यानंतर ओपन प्ले, पण सत्र 'नवखे' किंवा 'सगळ्यांसाठी' लिहिलेलं बघा. ३.५ आणि वर (हा खेळाडूच्या पातळीचा आकडा) असं लिहिलेल्या सत्राला नवखं माणूस नेऊ नका. त्याच्यासाठी ते शिकणं नसतं, नुसता मार असतो.

चौघांऐवजी सहाजण जमवा. एखादा आला नाही तरी स्लॉट वाया जात नाही.

नवखा_सर्व्हर

खूप मदत झाली, आभार. शहराबाहेर बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान सापडलंय. तीन कोर्टं रंगाने आखलेली, सुट्टी नेट तिथलीच, सकाळी सात ते नऊ मोकळं असतं. फोटोत सावलीवरून कोर्टं पूर्व-पश्चिम वाटतात. बघायला गेल्यावर काय तपासू?

मोजपट्टी

पूर्व-पश्चिम म्हणजे सकाळी सातला एका जोडीच्या डोळ्यात थेट सूर्य. बाहेरची कोर्टं म्हणूनच उत्तर-दक्षिण आखतात. टोपी घाला आणि ६ गुणांवर बाजू बदला, म्हणजे अन्याय सारखा वाटला जाईल. शक्य असेल तर आठनंतरची वेळ मागा.

बॉल साडेसहा फुटांवरून सोडा, फेकू नका. कडक दगडावर नवा बॉल ३० ते ३४ इंच उसळतो. सिमेंटवर त्याच्या आसपास, म्हणजे गुडघ्याच्या बराच वर यायला हवा. सात-आठ ठिकाणी करा, किचनमध्ये आणि बेसलाइनजवळ मुद्दाम. भेगेवर पडला की बॉल कुठल्याही दिशेला जातो. भेगा कडेला असतील तर चालवून घ्या. किचनच्या रेषेवर असतील तर ते कोर्ट सोडून शेजारचं घ्या.

पाणी वाहून जायला दहा फुटांत साधारण एक इंच उतार असतोच, तो जाणवत नाही. त्याहून जास्त असेल तर बॉल कोर्टवर ठेवला की आपोआप घरंगळतो. बारीक वाळू असेल तर झाडू सोबत न्या. सिमेंटवरची वाळू ओल्या फरशीइतकीच घसरवते. आणि मैदानाच्या टोकांकडे बास्केटबॉलचे खांब नेमके कुठे येतात ते बघा. कडेच्या दोन कोर्टांत खांब बाजूच्या रेषेपासून पाच फुटांच्या आत असेल तर त्यावर जाड फोम बांधल्याशिवाय खेळू नका.

जाळीजवळ

भोवती घरं किती जवळ आहेत तेही बघा. कडक बॉल कडक पॅडलवर आपटल्याचा आवाज उंच पट्टीतला आणि सतत टकटक करणारा असतो. सकाळी सातला खिडकीखाली तो नको होतो. चांगली कोर्टं अशाच तक्रारींनी बंद पडली आहेत. घरं लागून असतील तर त्यांच्याजवळचं कोर्ट सोडून पलीकडचं घ्या, सराव आवाज कमी करणाऱ्या फोमच्या बॉलने करा.

सुट्ट्या नेटचा मधला आधार आहे का ते विचारा. तो हरवलेला असतो बरेचदा, आणि मग नेट मधे दोन-तीन इंच खाली बसतं. नसेल तर ३४ इंचाची एक काठी कापून न्या.